पियानोच्या बाकातली युद्धगीते : पहिल्या महायुद्धाच्या काळातील अमेरिकी शीट म्युझिक कसे ओळखावे, वाचावे आणि जपावे

अमेरिकेतल्या मराठी घरात मुलांच्या शिकवणीसाठी जुना पियानो आणला, की पुष्कळदा त्याच्याबरोबर न मागितलेली एक वस्तू येते. बाकाचे झाकण उचलले की आत पिवळसर पडलेल्या, कडा झडलेल्या छापील गाण्यांचा, म्हणजे शब्द आणि स्वरलिपी असलेल्या ‘शीट म्युझिक’चा, गठ्ठा असतो. वरच्या पानावर झेंडा, रुंद काठाची टोपी घातलेला शिपाई आणि दारात उभी राहून निरोप देणारी आई. आमच्याकडे असाच एक गठ्ठा आला तेव्हा मी उत्साहाच्या भरात पहिल्याच संध्याकाळी एका फाटलेल्या मुखपृष्ठाला पारदर्शक चिकटपट्टी लावली. आज त्या जागी मधाच्या रंगाचा, पुसता न येणारा डाग आहे. तेव्हापासून जे शिकत गेलो ते येथे क्रमाने लिहितो. या लेखाचा विषय १९१४ ते १९१९ या काळात अमेरिकेत छापलेली युद्धगीते एवढाच आहे.

एवढा कागद शिल्लक का राहिला, हे आधी समजून घेतले की पुढची पाहणी सोपी जाते. अमेरिकेतले पियानोचे उत्पादन १९०९ साली शिखरावर पोहोचले होते. त्या एका वर्षात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. रेडिओ अजून घरात आलेला नव्हता. त्यामुळे नवे गाणे लोकांपर्यंत जायचे ते मुख्यत्वे रंगमंचावरून, ग्रामोफोनच्या तबकडीवरून आणि छापील कागदावरून. न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावरच्या, ‘टिन पॅन ॲली’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशकांनी हा धंदा उभा केला होता आणि युद्धाच्या काळापर्यंत त्यांतले बरेचसे टाइम्स स्क्वेअरच्या दिशेने सरकले होते. कागदावर किंमत पन्नास किंवा साठ सेंट छापलेली असली, तरी वूलवर्थसारख्या स्वस्त मालाच्या दुकानांत लोकप्रिय गाणे दहा सेंटला मिळत असे. म्हणूनच अशी गाणी लाखोंच्या संख्येने खपली, आणि म्हणूनच ती आजही बाकात, पोटमाळ्यावर आणि गराज सेलमध्ये सापडतात.

पहिले काम : हात लावण्यापूर्वी

गठ्ठा ज्या क्रमाने सापडला, त्याच क्रमाने त्याची छायाचित्रे घ्यावीत. वाजवणाऱ्याने कोणती गाणी वर ठेवली आणि कोणती तळाशी ढकलली, याची ती एकमेव नोंद असते आणि एकदा पाने चाळली की ती कायमची जाते. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. सुती हातमोजे घालण्याची गरज नाही. उलट मोज्यामुळे बोटांना कागदाचा अंदाज येत नाही आणि ठिसूळ कोपरा हमखास तुटतो. टेबल मोठे आणि स्वच्छ असावे, चहाचा कप दुसऱ्या खोलीत असावा आणि लिहिण्यासाठी फक्त मऊ शिसपेन्सिल वापरावी. दुमडलेला कोपरा कडक झाला असेल, तर तो सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण शंभर वर्षांच्या त्या दुमडीवर कागदाचे तंतू आधीच मोडलेले असतात.

दुसरे काम : मोजपट्टी

कालनिर्णयाचा सर्वांत सोपा पुरावा कागदाच्या मापातच आहे. युद्धापूर्वी आणि युद्धाच्या पहिल्या वर्षांत अमेरिकी शीट म्युझिक साधारण साडेदहा इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच असे. अमेरिका युद्धात उतरल्यानंतर कागदाची बचत करण्याची मोहीम सुरू झाली आणि १९१८ मध्ये प्रकाशक साधारण सव्वानऊ बाय सव्वाबारा इंचांच्या लहान मापाकडे वळले. याशिवाय ‘वॉर एडिशन’ म्हणून सुमारे सात बाय दहा इंचांच्या छोट्या प्रतीही निघाल्या. लिओ फीस्ट या मोठ्या प्रकाशकाने तर अशा प्रतींवर, सरकारला सहकार्य म्हणून आणि कागद वाचवण्यासाठी हे गाणे नेहमीपेक्षा लहान आकारात काढले आहे, अशी सूचनाच छापली होती. युद्ध संपल्यावर मोठे माप लोकप्रिय गाण्यांपुरते जवळजवळ नाहीसे झाले. त्यामुळे मोठ्या मापाची प्रत ही १९१८ किंवा त्याआधीची असण्याची शक्यता अधिक, असा ढोबळ नियम करता येतो.

या नियमाला एक फाटा आहे आणि त्यावर मी स्वतः फसलो आहे. मोठे कागद लहान बाकात मावत नाहीत म्हणून अनेक घरांत ते कात्रीने कापले जात. तेव्हा माप घेतल्यावर चारही बाजूंचा समास पाहावा. मुखपृष्ठावरील चित्राची चौकट एका बाजूला तुटलेली असेल, चित्रकाराची सही अर्धीच दिसत असेल किंवा तळाची छापील ओळ कडेला घासत असेल, तर ते छोटे माप प्रकाशकाने दिलेले नसून घरातल्या कुणीतरी दिलेले आहे.

तिसरे काम : प्रत पूर्ण आहे का?

बहुतेक गाणी एका मोठ्या घडीच्या कागदावर छापलेली असतात. म्हणजे मुखपृष्ठ, आतली दोन पाने आणि मलपृष्ठ. गाणे लांब असेल तर घडीच्या आत एक सुटा कागद सरकवलेला असतो. तो शिवलेला किंवा चिकटवलेला नसल्यामुळे सर्वांत आधी तोच हरवतो. पानांचे क्रमांक पाहावेत. दुसऱ्या पानावरून संगीत एकदम पाचव्यावर गेले, तर सुटा कागद गहाळ आहे. विक्रेता अशी प्रत ‘उत्तम स्थितीत’ म्हणून विकतो, कारण तो फक्त मुखपृष्ठ पाहतो.

चौथे काम : पान खालून वाचावे

माझ्या मते या सर्व पाहणीत महत्त्वाची जागा एकच आहे आणि ती म्हणजे संगीताच्या पहिल्या पानाचा तळ. मुखपृष्ठ हे गाणे विकण्यासाठी केलेले असते. तळाची ओळ कायद्यासाठी छापलेली असते, आणि म्हणून ती अधिक विश्वासार्ह असते. तेथे प्रकाशकाचे नाव, हक्काचे (कॉपीराइटचे) वर्ष आणि अनेकदा एक लहानसा क्रमांक असतो. वर्ष पुष्कळदा रोमन आकड्यांत असते. एम म्हणजे १०००, सी आणि एम जोडून आले की ९००, एक्स म्हणजे १०, व्ही म्हणजे ५ आणि आय म्हणजे १. एम, सी-एम, एक्स, व्ही आणि दोन आय अशी मालिका दिसली की ते वर्ष १९१७. लहान क्रमांक हा छपाईच्या पत्र्याचा असतो आणि तो बहुधा प्रत्येक पानाखाली पुन्हा येतो. एखाद्या पानावर वेगळाच क्रमांक असेल, तर दोन अपुऱ्या प्रती जोडून एक केलेली असण्याचा संशय घ्यावा.

मात्र येथे एक भेद पक्का लक्षात ठेवावा लागतो : तळाचे वर्ष हे गाण्याचे वर्ष असते, हातातल्या प्रतीचे नव्हे. ‘ओव्हर देअर’ हे जॉर्ज एम. कोहन यांचे गाणे याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेने ६ एप्रिल १९१७ रोजी युद्ध पुकारले आणि त्याच सुमारास कोहन यांनी बिगुलाच्या तीन सुरांभोवती हे गाणे बांधले. ते प्रथम विल्यम जेरोम यांच्या प्रकाशनसंस्थेने काढले. नंतर फीस्टने त्याचे हक्क विकत घेतले आणि त्यासाठी मोजलेली २५ हजार डॉलरची रक्कम तेव्हा डोळे विस्फारायला लावणारी होती. एका मुखपृष्ठावर गायिका नोरा बेझ हिचे छायाचित्र आहे, तर दुसऱ्यावर तरुण नॉर्मन रॉकवेलने काढलेले गाणाऱ्या सैनिकांचे चित्र आहे. हक्काचे वर्ष मात्र सगळीकडे १९१७. म्हणजे जेरोमचे नाव असलेली प्रत आधीची, फीस्टचे नाव असलेली नंतरची, आणि फीस्टच्या प्रतींमध्ये पुन्हा माप व मलपृष्ठ पाहून क्रम लावायचा.

याच्या उलट प्रकारही आढळतो. ‘टिपररी’चे प्रसिद्ध गाणे सर्वांना युद्धगीत म्हणून ठाऊक आहे, पण ते १९१२ मधले, म्हणजे युद्धाच्या दोन वर्षे आधीचे आहे. सैनिकांनी ते उचलले आणि ते युद्धाचे झाले. शीर्षकही बदलते. आयव्हर नॉव्हेलो यांचे ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ १९१४ मध्ये लंडनला प्रथम ‘टिल द बॉइज कम होम’ या नावाने छापले गेले आणि पुढे लोकांच्या तोंडी बसलेली ओळच शीर्षक झाली. तेव्हा जुने शीर्षक वर असलेली प्रत आधीच्या छपाईची. या गाण्याचे शब्द लिहिणाऱ्या लीना गिल्बर्ट फोर्ड मूळच्या अमेरिकेच्या. मार्च १९१८ मध्ये लंडनवर झालेल्या जर्मन हवाई हल्ल्यात त्या मारल्या गेल्या. घरातली आगटी तेवत ठेवा असे सांगणारे ते मुखपृष्ठ हाती आले की मला दर वेळी हे आठवते.

पाचवे काम : मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ

आता चित्राकडे वळावे. चित्रकाराची सही बहुधा खालच्या कोपऱ्यात असते. बार्बेल, फायफर, स्टार्मर, डी टाकाक्स ही नावे वारंवार भेटतात. रॉकवेलचे नाव आढळले तर प्रत बाजूला काढून ठेवावी, कारण तिला संगीताच्या संग्राहकांबरोबर चित्रांचे संग्राहकही मागणी करतात. चित्राच्या कोपऱ्यात गोलात किंवा चौकटीत एखाद्या गायकाचे छायाचित्र दिसते. ते गायक गाण्याचे जनक नसून प्रचारक होते, आणि एकाच गाण्याच्या प्रतींवर वेगवेगळ्या गायकांचे चेहरे येतात. अशा दोन प्रती हाती असतील तर एक ‘जादा’ समजून टाकून देऊ नये.

चित्रातल्या वस्तूही वर्ष सांगतात. अमेरिकेच्या झेंड्यावर १९१२ ते १९५९ या काळात ४८ तारे होते, आठ-आठच्या सहा ओळींत. खिडकीत टांगलेला पांढरा, लाल काठाचा आणि मधोमध निळा तारा असलेला छोटा झेंडा दिसला, तर ते चित्र १९१७ किंवा त्यानंतरचे; घरातला एक माणूस सैन्यात गेला की एक निळा तारा, आणि तो कामी आला की त्या जागी सोनेरी. माझ्या गठ्ठ्यातल्या एका मुखपृष्ठावर अशा निळ्या ताऱ्याभोवती कुणीतरी पेन्सिलीने दोनदा गिरवून वर्तुळ काढले आहे, आणि कागदाला तेथे किंचित खळगा पडला आहे. अशी खूण खोडरबराने ‘स्वच्छ’ करणे हा शुद्ध अपराध ठरेल.

मलपृष्ठ बहुतेक लोक पाहतच नाहीत, आणि तेच खरे बोलके असते. तेथे त्याच प्रकाशकाच्या इतर गाण्यांच्या जाहिराती असतात, काही वेळा पियानोवर वाजवून पाहण्यासाठी दोन-चार ओळींच्या सुरावटीसह. त्या गाण्यांची वर्षे शोधावीत. सर्वांत नव्या गाण्याचे जे वर्ष, त्याच्या आधी ही प्रत छापली गेलेली असू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जुनी गाणी पुन्हा बाजारात आली, तो घोळही येथेच सुटतो. ‘लिबर्टी लोन’ (सरकारने जनतेकडून घेतलेले युद्धकर्ज) किंवा बचतीच्या तिकिटांचा उल्लेख पहिल्या युद्धाकडे बोट दाखवतो, तर ‘वॉर बॉण्ड्स’ (युद्धकर्जाचे रोखे) विकत घ्या असे आवाहन आणि बंदूकधारी ‘मिनिटमॅन’चे चिन्ह बहुधा दुसऱ्या युद्धाकडे.

सहावे काम : गाण्याचा सूर कोणत्या वर्षाचा आहे?

पुरावा कमी पडला तर आशयाची मदत घ्यावी. १९१५ मध्ये अमेरिका तटस्थ होती आणि ‘मी माझा मुलगा शिपाई व्हायला वाढवला नाही’ अशा अर्थाचे आईच्या तोंडचे गाणे घरोघरी वाजत होते. ते फीस्टनेच छापले होते. दोन-तीन वर्षांत त्याच फीस्टच्या दुकानात पोरांना समुद्रापार धाडणारे ‘ओव्हर देअर’ खपू लागले. प्रकाशकाला शांतीचेही सोयरसुतक नव्हते आणि युद्धाचेही. गिऱ्हाईक जे गुणगुणेल ते तो छापत होता. या गीतांना सरसकट ‘राष्ट्राचा आवाज’ म्हणणाऱ्यांनी हा तपशील जरूर पाहावा. १९१७ च्या वसंतानंतर निरोप, भरती आणि कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, टिंगल हे विषय येतात. १९१८ मध्ये वाट पाहणारी आई, परिचारिका आणि एकटे पडलेले मूल. ११ नोव्हेंबर १९१८ च्या शस्त्रसंधीनंतर घरी परतणारा शिपाई. १९१९ च्या एका गाण्यात तर, पॅरिस पाहून आलेल्या पोरांना आता शेतावर कसे थांबवून ठेवणार, असा आईबापांचा मिश्कील सवाल आहे.

कधी जुन्या गाण्याला नवा गणवेश चढवलेला असतो. १९०१ मध्ये एका गाण्यात लहान मूल टेलिफोन जोडून देणाऱ्या बाईला सांगते की मला स्वर्गाशी जोडून दे, आईशी बोलायचे आहे. १९१८ मध्ये तेच मूल रणभूमीशी जोडून मागते, कारण बाबा तेथे आहेत. काही मुखपृष्ठांवर आणि ओळींत कृष्णवर्णीयांची आणि जर्मनांची अत्यंत ओंगळ व्यंगचित्रे आहेत. ती लपवू नयेत किंवा फाडू नयेत; नोंद करताना स्पष्ट लिहावे. त्याच वेळी, ३६९ व्या पायदळ पलटणीचे कृष्णवर्णीय बँडप्रमुख जेम्स रीस युरोप यांनी नोबल सिसल आणि युबी ब्लेक यांच्यासह केलेले, १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेले आघाडीवरच्या गस्तीचे गाणे मिळाले, तर ते आनंदाने वर काढावे.

सातवे काम : दुर्मीळ काय, सामान्य काय

येथे बहुतेकांची निराशा होते. ज्या गाण्याचे नाव तुम्ही ऐकलेले आहे, त्याच्या प्रती लाखांनी छापल्या गेल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच शिल्लक आहेत. साधारण स्थितीतल्या प्रतीला चहा-नाश्त्याइतकेही पैसे येत नाहीत. खरी दुर्मीळ प्रत दिसायला गरीब असते : एकाच रंगात छापलेले, कुणा गावातल्या शिक्षकाने किंवा विधवा आईने स्वखर्चाने काढलेले गाणे, ज्यावर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि गावाचा पत्ता असतो. त्या काळी वर्तमानपत्रात ‘तुमची कविता पाठवा, आम्ही चाल लावून छापू’ अशा जाहिराती देऊन हौशी लोकांकडून पैसे उकळणारे धंदेवाईकही होते, आणि युद्धाने त्यांना सुगीचे दिवस आणले. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे या युद्धाशी संबंधित सुमारे चौदा हजार छापील गाणी आहेत, यामागे हक्कनोंदणीसाठी प्रती जमा करण्याची पद्धत आहे. त्यात नामवंतांच्या बरोबरीने या अनामिकांचीही गाणी आली. तो संग्रह इंटरनेटवर पाहता येतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला लेस्टर लेव्ही संग्रहही असाच खुला आहे. आपली प्रत या दोन्ही ठिकाणी शोधावी; सापडली नाही, तर गाण्यावर ज्या गावाचा पत्ता आहे तेथल्या स्थानिक इतिहास मंडळाला आधी पत्र लिहावे.

आठवे काम : स्वच्छता, साठवण आणि चित्रण

या काळचा कागद लाकडाच्या लगद्याचा आणि राळ-तुरटीने घोटलेला असल्यामुळे त्याच्यातच आम्ल असते आणि तो आतून जळत जातो. ते पूर्ण थांबवणे घरी शक्य नाही, पण वेग मंदावता येतो. धूळ मऊ, रुंद ब्रशाने मधून कडेकडे झटकावी. पाणी, ओले फडके आणि घरगुती डागनाशके वापरू नयेत. चिकटपट्टी तर नाहीच, आणि लॅमिनेशनही नाही, कारण ते परत काढता येत नाही. फाटलेला भाग जोडायचाच असेल, तर पातळ जपानी कागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची ताजी खळ हा जाणकारांचा मार्ग आहे. आधी रद्दी कागदावर हात बसवावा. बुरशीचा वास येत असेल तर प्रत वेगळ्या पाकिटात ठेवून इतरांपासून दूर करावी.

प्रत्येक प्रत पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा घालून ठेवावी. स्टेशनरीच्या दुकानातली पीव्हीसीची पाकिटे घेऊ नयेत. नव्या रेक्झिनसारखा वास आला की ती तीच समजावीत. खोके आडवे ठेवावे, आणि ते तळघरात किंवा पोटमाळ्यावर नव्हे, तर घरातल्या आतल्या कपाटात, जेथे तापमान माणसाला सुखावह असते आणि आर्द्रता तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहते. हे कागद घेऊन कुणी मुंबईला किंवा कोकणात परतणार असेल, तर जूनपासूनच्या चार महिन्यांचा विचार आधीच करावा. तेथे कसर आणि बुरशी यांच्यापुढे चांगले पाकीटही एकटे पुरत नाही, आणि कपाट दर पंधरवड्याला उघडून पाहावेच लागते.

घरगुती स्कॅनरवर मोठ्या मापाचे पान मावत नाही. घडी उलटी मोडून ते दाबू नये; दोन भागांत स्कॅन करावे किंवा वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंना सारखा प्रकाश ठेवून, चित्र घ्यावे. चारशे ते सहाशे डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरेसे आहे. मूळ फाइलमध्ये रंग उजळवू नये, कारण कागदाचा पिवळेपणा हीही माहितीच आहे.

वाजवताना स्कॅनची छापील प्रत वापरावी, मूळ नव्हे. मराठी वाचकाला एक सवय बदलावी लागते : आपल्याकडे ध्रुपद आधी येते, येथे कडवे आधी येते आणि लोकांच्या लक्षात राहिलेली चाल बहुधा त्यानंतरच्या ‘कोरस’मध्ये असते. कडव्याआधी एक-दोन मात्राखंड पुनरावृत्तीची खूण करून दिलेले दिसतात. गायक तयार होईपर्यंत पियानोवाल्याने तेवढेच फिरवत राहायचे असते. हक्कांच्या बाबतीत, त्या वर्षांत अमेरिकेत छापली गेलेली ही गाणी तेथे आता सर्वांसाठी खुली आहेत. पण गीतकार-संगीतकार अर्विंग बर्लिन यांनी १९१८ मध्ये लिहून बाजूला ठेवलेले ‘गॉड ब्लेस अमेरिका’ १९३८ मध्ये बदलून लोकांपुढे आले, त्यामुळे त्याला ही सवलत अजून लागू होत नाही.

शेवटी नोंदवही. शीर्षक, कडव्याची आणि कोरसची पहिली ओळ, कवी, संगीतकार, प्रकाशक व पत्ता, तळाचे वर्ष, पत्र्याचा क्रमांक, चित्रकार, माप, पाने, छापील किंमत आणि मलपृष्ठावरची सर्वांत नवी जाहिरात एवढे लिहावे. दुकानाचा शिक्का आणि मालकाची सही यांना स्वतंत्र रकाना द्यावा. आमच्या गठ्ठ्यातल्या नऊ प्रतींवर एकाच मुलीची सही आहे. सुरुवातीच्या प्रतींवर गोल, शाळकरी अक्षर आणि १९१९ च्या प्रतीवर घाईचे, तिरके. ते आडनाव वहीत आहे, पण येथे देत नाही. बाकात आता आमच्या मुलीची शिकवणीची पुस्तके असतात.